रम्लत एडिटर बंद करते

कोळिक्कोडच्या पुदियरा भागात औषधांच्या एका दुकानावर सॉफ्टवेअरचं छोटं ऑफिस आहे. सहकारी रुग्णालयांच्या प्रयोगशाळांना लागणारे प्रोग्रॅम तिथे लिहिले जातात. कुणाचं रक्त तपासलं, अहवाल कुठल्या डॉक्टरकडे गेला, आकडा मर्यादेबाहेर असेल तर इशारा कुणाला द्यायचा, असली कामं हे प्रोग्रॅम करतात. जिन्याने वर आलं की डाव्या हाताला फोनचं टेबल लागतं. सर्वांत आत, भिंतीला लागून के. पी. रम्लतचं टेबल आहे. त्यावर मॉनिटर नाही. कीबोर्ड आहे, कानात घालायचं यंत्र आहे आणि खाली कॉम्प्युटरचा डबा. ऑफिसात नवीन आलेल्या माणसाला वाटतं की ही बाई टायपिंगचा सराव करत बसली आहे.

रम्लतला चौथीत फळा दिसेनासा झाला आणि आठवीत उरलंसुरलंही गेलं. उप्पा, म्हणजे वडील, कल्लायीच्या लाकडाच्या वखारीत मोजणीदार होते. नातेवाइकांनी मुलीची पुढची सोय तेव्हाच ठरवून टाकली होती: कुठल्यातरी सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर. आंधळ्या मुलीला याहून वरची जागा कुणाच्या डोक्यात येत नसे. त्या कामात वाईट काही नाही, तिच्या दोन मैत्रिणी आजही ते करतात. रम्लतला ते नको होतं, इतकंच.

तिला वेगळी वाट दाखवली सेबास्ट्यन माषनी. माष म्हणजे मास्तर. ते अंधशाळेत गणित शिकवायचे आणि स्वतःही जन्मांध होते. शाळेच्या वेळाबाहेर ते एकाच कामाला लागलेले असत. हेरॉन नावाचा एक एडिटर जगभरचे प्रोग्रॅमर वापरत. एडिटर म्हणजे प्रोग्रॅम लिहायची पाटी. ही पाटी अशी होती की तिला नव्या गोष्टी शिकवता येत. माषनी तिला बोलायला शिकवलं. ओळ वाचणं हा त्यातला सोपा भाग. प्रोग्रॅममध्ये ओळी एकीच्या पोटात एक अशा आत सरकलेल्या असतात, आणि डोळस माणसाला ते दिसतं. माषनी ते सुरांत बसवलं. ओळ जितकी आत, तितका सूर वर. चुकीची ओळ आली की ओल्या लाकडावर टिचकी मारल्यासारखा आवाज. चाचणी पास झाली की एक, नापास झाली की दुसरा. लिहिणं, तपासणं, चालवणं, चूक शोधणं, सगळं कानांनी. या सगळ्याला त्यांनी नाव दिलं चेवि. मलयाळममध्ये चेवि म्हणजे कान.

रम्लत चेविवर शिकली, चेविवरच नोकरीला लागली. ती आवाज इतक्या वेगात ऐकते की दुसऱ्याला ते तव्यावर मोहरी तडतडल्यासारखं वाटतं. शेजारच्या टेबलावरच्या लिजोने एकदा ते यंत्र स्वतःच्या कानाला लावून पाहिलं आणि लगेच काढलं.

"इत्ता, हे तुम्हाला खरंच कळतं?" ऑफिसात सगळे तिला इत्ता, म्हणजे ताई म्हणतात.

"तू बोलतोस ते त्याच्यापेक्षा कमी कळतं."

हा वेग हीच तिची मिळकत होती. त्याच्या जोरावर ती डोळसांच्या बरोबरीने काम उरकत असे, कधी त्यांच्या आधी. कौतुक झालेलं तिला आवडत नसे. कुणी केलंच तर ती म्हणे, "काम वेळेत झालं का, ते विचारा."

माषनी तिला आणखी एक सवय लावली होती: एडिटर बंद करायचा नाही. या जातीच्या एडिटरचं वैशिष्ट्य असं की तो चालू असतानाच त्याला नवं काही शिकवता येतं, आणि शिकवलं की त्याच क्षणी तो तसं वागू लागतो. फाइलीत लिहून ठेवणं नंतरचं. माष बेपूरचे. तिथे लाकडी जहाजं बांधतात. ते म्हणत, "होडी पाण्यातच दुरुस्त करायची. दरवेळी किनाऱ्याला काय ओढता?" त्यांच्या हाताखाली शिकलेले सगळे तसंच करतात. एडिटर महिनोन्‌महिने चालू असतो. वीज गेली तर बॅटरी आहे. रम्लतच्या टेबलाखालचा डबा सुट्टीतही घरघरत असे.

"तुमचा एडिटर आणि माझ्या सासऱ्यांचा रेडिओ," लिजो म्हणायचा, "दोन्ही मालक मेल्यावरच बंद होणार."

"सासऱ्यांना सांगू का?"

"सांगा. त्यांना ऐकू कुठे येतं, रेडिओ लावलेला असतो ना."

दोन वर्षांपूर्वी हेरॉन ज्यांच्या ताब्यात होता त्या मंडळींनी तो नव्याने बांधायचं ठरवलं. नवा हेरॉन देखणा झाला म्हणतात. तो अक्षरं पडद्यावर चित्रासारखी रंगवतो. डोळ्यांना फरक पडत नाही. चेविला मात्र हात घालायला आत अक्षरंच उरली नाहीत. जुना हेरॉन वाऱ्यावर सोडला गेला. नाराज झालेल्या काही जुन्या लोकांनी त्याच्या कोडची प्रत घेऊन वेगळी चूल मांडली आणि तिला एग्रेट नाव दिलं.

"हेरॉन बगळा, एग्रेटही बगळाच," लिजोने शब्दकोश पाहून जाहीर केलं. "दोघेही एका पायावर उभे. इत्ता, तुमचा मासा कुठला?"

रम्लतने ते फारसं मनावर घेतलं नाही. जुना हेरॉन चालत होता. मग ऑफिसच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाने, रुग्णालयांच्या संघाने, कळवलं की ज्याची देखभाल थांबली आहे असं कुठलंही सॉफ्टवेअर रुग्णांच्या माहितीजवळ नको. ओणमनंतर तपासणीस येणार, एकेक मशीन बघणार. मालक अनूपसार तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. वाईट बातमी असली की ते हातातल्या किल्ल्या वाजवत.

"इत्ता, जुना हेरॉन काढावा लागणार."

"मग चेवि एग्रेटवर न्यायला हवी."

"नेता येईल?"

"दुसरं कोण नेणार?"

"माष?"

"माषना आता नीट ऐकू येत नाही."

अनूपसारांनी किल्ल्या खिशात टाकल्या. "ओणमपर्यंत बघा. नाहीच जमलं तर... सरिता बाळंतपणाला जातेय. फोनचं टेबल रिकामं आहे. पगाराला हात लागणार नाही, ते माझ्यावर."

ते भल्यासाठीच बोलत होते आणि तेच तिला लागलं. आयुष्यभर चुकवलेली खुर्ची सातआठ पावलांवर येऊन बसली होती.

संध्याकाळी घरी तिने उम्माला, म्हणजे आईला सांगितलं. उम्मा तांदळाच्या पिठाची पत्तिरी लाटत होती. "फोनवर तर बोलायचंच असतं," उम्मा म्हणाली. "सावलीत बसून बोलायचं. त्यात रडण्यासारखं काय?"

"रडतंय कोण?"

"मग पीठ का तिंबतेयस एवढं? ते माझं झालंय मळून."

चेवि मोठी होती. माषनी ती वीस वर्षं वाढवली होती आणि टिपणं लिहायची त्यांना सवय नव्हती. जागोजागी अशा गोष्टी होत्या की त्या का आहेत ते कळत नव्हतं. एके ठिकाणी आवाज बोलू लागण्याआधी चेवि ओळीतला शेवटचा शब्द विनाकारण दोनदा मोजत होती. रम्लत बेपूरला गेली. माष ओट्यावर बसले होते, दोन्ही कानांत यंत्रं, दोन्ही कुरकुरणारी. त्यांच्याशी ओरडूनच बोलावं लागे, त्यामुळे गल्लीला सगळं कळत असे.

"माष, तो शेवटचा शब्द दोनदा का मोजता?"

"कोण मेला?"

"शब्द! दोनदा! का मोजता?"

माषनी विचार केला. तिला ते अजूनही मोळे, म्हणजे पोरी म्हणत. "आठवत नाही, मोळे. काढून टाक. कोण ओरडतं ते बघ."

समोरच्या घरातून एक बाई म्हणाली, "मास्तर, आधी तुम्ही दोघं ओरडायचं थांबवा, मग कोण ओरडतं ते कळेल."

तिने ते काढलं, कुणी ओरडलं नाही. अशी पुष्कळ गुंतवळ तिने सोडवली. जुन्या नावांच्या जागी नवी नावं घातली, एग्रेटवाल्यांनी मोडलेल्या जागा सांधल्या. सूर आले. टिचकी आली. मग ती एका जागी अडली आणि तिथून तिला हलता येईना.

हेरॉनमध्ये सगळी कामं एका रांगेत होत. कळ दाबली की सरकायचं, सरकलं की बोलायचं, मग पुढची कळ. एग्रेटवाल्यांनी वेगासाठी ही रांग मोडली होती. तिथे चार कामं एकदम चालत. बघणाऱ्याला ते बरंच. ऐकणाऱ्याच्या वाट्याला असं आलं की रम्लत बेचाळिसाव्या ओळीवर पोचलेली असे आणि आवाज चाळिसावी वाचत असे. सावकाश गेलं तर आवाज गाठायचा, वेगात गेलं की मागे पडायचा. कधी एक ओळ मागे, कधी दोन.

हे किती धोक्याचं आहे ते लवकरच कळलं. एका दुपारी तिने निरुपयोगी म्हणून एक ओळ पुसली. आवाज त्याच ओळीचा होता, बोट पुढच्या ओळीवर. पुसली गेली ती रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर डॉक्टरला इशारा देणारी ओळ. लिजोने चाचण्या चालवल्या म्हणून सापडली.

"इत्ता, हे तुम्ही काढलंत?"

तिने ऐकलं, पुन्हा ऐकलं. "हो. मीच."

लिजोने त्यावर विनोद केला नाही. त्यावरून तिला कळलं की गोष्ट किती गंभीर आहे.

त्यानंतर तिने त्या एकाच दुखण्याचा पिच्छा पुरवला. एग्रेट चालू होता आणि ती त्याला शिकवत होती. आवाजाला असं थांबव, कळीला तसं अडव. जमलं नाही की पुसायचं, दुसरं लिहायचं. चालत्या होडीची फळी काढ, दुसरी ठोक. असे किती प्रयत्न झाले ते तिला सांगता येणार नाही. मग एका सकाळी ती बोटं सोडून सर्रकन खाली गेली आणि आवाज बोटाबरोबर आला. वर गेली, वर आला. तिने वेग वाढवला, आणखी वाढवला. मोहरी तडतडत राहिली आणि प्रत्येक दाणा जागेवर पडत होता. तिने फाइल नीटनेटकी केली, फसलेल्या प्रयत्नांचा कचरा पुसला, चाललेला उपाय तेवढा ठेवला आणि फाइल जपून ठेवली.

लिजोला तिने सुलैमानी, बिनदुधाचा चहा पाजला. "काय झालं?" त्याने विचारलं. "काही नाही. पी," ती म्हणाली.

तिने ती फाइल चेवि वापरणाऱ्या इतरांनाही पाठवली. असे लोक थोडेच आहेत, विखुरलेले, आणि सगळे तिच्याकडे डोळे लावून बसले होते. बहुतेकांनी आभार मानले, पण वापरून बघायचं पुढे ढकललं. तिरुनेलवेलीच्या पोन्नुसामी नावाच्या गृहस्थांनी मात्र लगेच वापरून बघितलं आणि कळवलं की आवाज अजून एक-दोन ओळी मागेच आहे. रम्लतने स्वतःच्या मशीनवर पाहिलं. आवाज जागेवर. तिने उत्तर पाठवलं: तुमच्या आवाजाच्या यंत्रात बिघाड असावा, ते आधी तपासून घ्यावं. पोन्नुसामींनी पुन्हा लिहिलं नाही.

तपासणीच्या आधी संघाचा माणूस एकदा नुसता बघून जाणार होता. तिरुवनंतपुरमहून आलेला, सौम्य, प्रत्येक वाक्याआधी "मॅडम" म्हणणारा. ऑफिसात नवी मशीनं आली होती. त्यांतल्या एकावर रम्लतने स्वतः एग्रेट घातला, चेविच्या फाइली घातल्या. आवाज सगळ्यांना कळावा म्हणून कमी वेगावर लावला, यंत्राऐवजी भोंगा जोडला.

ती तीन ओळी खाली गेली. भोंगा पहिली ओळ वाचत होता.

"मॅडम, तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"चौथीवर."

"हा पहिली म्हणतोय."

ती थांबली. भोंग्याने सावकाश दुसरी वाचली. अनूपसारांच्या किल्ल्या वाजू लागल्या.

"माझ्या मशीनवर चालतं," रम्लत म्हणाली.

या धंद्यात इतकं बोललं गेलेलं आणि इतकं हास्यास्पद ठरलेलं वाक्य दुसरं नाही. हसणाऱ्यांत ती स्वतःही असायची. आता तिने सगळ्यांना आपल्या टेबलाशी आणलं. भोंगा तिथे जोडला. खाली गेली, वर गेली, दहा ओळी उडी मारली. आवाज प्रत्येक वेळी बोटाखाली.

"बघितलंत?" ती म्हणाली. "नव्या मशीनच्या आवाजाचं काहीतरी आहे."

"मॅडम, इथे चालतं, तिथे नाही," संघाचा माणूस म्हणाला. "मी काय लिहू?"

"इत्ता, एकदा बंद करून चालू करून दाखवा ना," अनूपसार म्हणाले. "म्हणजे त्यांच्याही मनात शंका नको."

त्यांनी ते सहज म्हटलं. कॉम्प्युटरच्या ऑफिसात पहिला सल्ला हाच असतो, डोकं दुखलं तरी लोक हाच देतात. आणि रम्लतलाही त्यात धोका वाटला नाही. फाइल जपून ठेवलेली होती. उलट तिला घाई होती. तिने बंद करायच्या कळा दाबल्या. एग्रेटने विचारलं: खरंच बंद करायचं? तिने 'हो'ची कळ दाबली.

"थांब," ती म्हणाली.

ती कुणाशी बोलली ते बाकीच्यांना कळलं नाही. लिजोला वाटलं, आपल्याला म्हणतेय. ती मशीनला म्हणाली होती. कळ दाबली जात असतानाच तिच्या ध्यानात आलं होतं की फाइलीतून पुसलेलं फाइलीतूनच पुसलं जातं. चालत्या एडिटरला एकदा शिकवलेलं तो विसरत नाही. फसलेला म्हणून कचऱ्यात टाकलेला कुठलातरी प्रयत्न इतके आठवडे एग्रेटच्या डोक्यात जिवंत होता, आणि तिचा नीटनेटका उपाय त्याच्याच खांद्यावर उभा होता. त्या क्षणाआधी तिने विचारलं असतं तर एग्रेटने तो घडाघडा सांगितला असता. त्याला विचारायचं असतं हे तिला माहीत होतं. विचारावंसं वाटायला कारण नव्हतं, इतकंच.

भोंगा गप्प होता. तिने एग्रेट पुन्हा चालू केला, फाइल उघडली, तीन ओळी खाली गेली. भोंग्याने पहिली ओळ वाचली.

संघाचा माणूस हळूच म्हणाला, "मॅडम, मी आज काही लिहीत नाही. तपासणीच्या दिवशी बघू."

पुढचे दिवस तिने काय केलं ते लिजोने पाहिलं. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बसायची. आठवतील तेवढे फसलेले प्रयत्न पुन्हा लिहायची, एग्रेट बंद करायची, चालू करायची, खाली जायची, ऐकायची. पुन्हा. डब्यातलं जेवण तसंच घरी जायचं. जुन्या आवृत्त्यांत शोधावं तर तिथे तिने जपलेलं तेवढंच होतं, आणि न चाललेलं तिने जपलंच नव्हतं. एकदा तिने बोटांवर सोडून पाहिलं. विचार न करता टाइप करत गेली, निदान हातांना आठवेल म्हणून. हातांनी नेहमीचंच काहीतरी लिहिलं.

"मी काही करू का?" लिजोने विचारलं.

"तेव्हा मी काय लिहीत होते ते बघितलं होतंस?"

"तुमच्या टेबलावर पडदा कुठाय, इत्ता?"

ती हसली. लिजो सांगतो की ते हसू ऐकवत नव्हतं.

पोन्नुसामींना तिने एका ओळीचं पत्र पाठवलं: तुमचं यंत्र ठीक आहे, बिघाड माझ्याकडे होता. त्यांचं उत्तर आलं की यंत्र दुरुस्तीला टाकलं होतं, दुकानदाराने ठीक असल्याचं सांगून परत केलं, आणि त्यांची नोकरी मागच्या आठवड्यात गेली. तरी जमलं तर कळवावं.

ते तिने दोनदा ऐकलं आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून बेपूरला गेली.

माषना सगळं ओरडून सांगायला बराच वेळ लागला. समोरची बाई या वेळी दारात येऊन ऐकत उभी राहिली.

"म्हणजे चुकीचं होतं ते, म्हणून चालत होतं," माष शेवटी म्हणाले.

"हो."

"तेच चुकीचं आता पुन्हा करायला तू तेवढी अडाणी राहिली नाहीस."

"मग करू काय?"

"आवाज मागे पडतो ना? मग बोटाला थांबव. आवाज पुरा होईपर्यंत कळ घ्यायचीच नाही. चार ओळींचं काम आहे."

"ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, माष!"

"मग केलं का नाहीस?"

ती ओरडली नाही, त्यामुळे माषना ऐकू आलं नाही. त्यांनी कान पुढे केला. तिने पुन्हा सांगितलं, "वेग जाईल. अर्ध्यावर येईन. अर्ध्या वेगाची बाई कोण ठेवणार?"

माषनी कानातलं एक यंत्र काढून मांडीवर ठेवलं. "मला आता सूर कळत नाहीत," ते म्हणाले. "नुसते शब्द कळतात. तेही तू ओरडलीस तर. वेगाचं मला काय सांगतेस, मोळे?"

परतताना तिने बसमध्ये त्या चार ओळी मनात लिहिल्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसात टाइप केल्या. जपल्या. एग्रेट बंद केला, चालू केला. नव्या मशीनवर नेल्या, तिथेही बंद केला, चालू केला. आवाज बोटाखाली होता. पण आता प्रत्येक ओळीच्या शेवटी एक कुलूप होतं. ओळ संपली की ते उघडायचं, मगच पुढे. तिच्या बोटांना ते कळेना. ती आधीच पुढची कळ दाबून बसलेली असायची आणि कळ वाया जायची. दिवसभरात तिने जे काम उरकलं ते लिजो सकाळच्या चहापर्यंत उरकतो. पोन्नुसामींना तिने ते पाठवलं. सोबत लिहिलं: बरोबर आहे, पण सावकाश आहे.

तपासणीत तिचं मशीन पास झालं. तपासणीस वेग बघत नाहीत. सगळ्या मशीनांवरून जुना हेरॉन पुसला गेला.

अनूपसार आले तेव्हा किल्ल्या वाजत नव्हत्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले.

"इत्ता, पोटॅशियमची कामं लिजोकडे देतो. घाईची सगळीच."

"बरं."

"सकाळी फोन जास्त येतात. सरिता येईपर्यंत सकाळी तुम्ही तिथे. दुपारनंतर तुमचं टेबल."

"आणि सरिता आल्यावर?"

"तेव्हा बघू. तोवर वेग वाढला तर..." वाक्य तिथेच सोडून ते उठले.

उम्माला बातमी बरी वाटली. "अर्धा दिवस तर अर्धा दिवस," ती म्हणाली. "नव्याने लागलेल्यांना पूर्ण कोण देतं?"

"उम्मा, मी तिथे पंधरा वर्षं आहे."

"फोनवर नवीनच की."

आता सकाळी जिन्याने वर येणाऱ्याला डाव्या हाताला रम्लत दिसते. वायनाडची, मलप्पुरमची रुग्णालयं फोन करतात. अहवाल उघडत नाही, शिक्का उमटत नाही. कुठली कळ दाबायची ते ती सांगते आणि पलीकडचा माणूस कळ शोधेपर्यंत थांबते. फोनवर ती चांगली आहे. तसं कुणी म्हटलं तर ती विचारते, "पुढचा फोन कुणाचा आहे?"

दुपारी ती भिंतीजवळच्या टेबलावर जाते. कुलूप लावलेल्या आवाजाबरोबर ओळी-ओळीने काम करते. निघायच्या वेळी मात्र ते कुलूप काढते, आणि आधीच्या, वेगाच्या उपायात एखादी चुकीची गोष्ट घालते. जाणूनबुजून चुकीची. शहाण्या माणसाने घातली नसती अशी, रोज वेगळी. आधी ती जपून ठेवते. मग बंद करायच्या कळा दाबते. एग्रेट विचारतो: खरंच बंद करायचं? ती 'हो' म्हणते. लिजो अशा वेळी बॅग भरता भरता थांबतो, आणि आपण थांबलोय हे तिला कळू नये म्हणून चेन उगाच मागेपुढे करत राहतो.

परवाही ती थांबली, चालू केलं, फाइल उघडली, बोटं सोडून सर्रकन खाली गेली.

"काय?" लिजोने विचारलं.

"दोन ओळी."

"काल?"

"कालही दोनच."

तिने कुलूप परत लावलं, कानातलं यंत्र काढून वायर गुंडाळली, आणि जाताना सरिताच्या टेबलावरचा फोन नीट ठेवला आहे की नाही ते हाताने पाहिलं.